ज्याचा हात, त्याचंच फडकं

मी रंधा बोलतोय. आवाज खरखरीत आला तर सांभाळून घ्या. तोंडातच गंज धरलाय.

माझा जन्म ओतशाळेतला. लोखंड साच्यात ओतलं, तळ घासून गुळगुळीत केला, पोलादाचं पातं बसवलं. दुकानात दोन वर्षं नुसता बसून होतो. मग एक तरुण सुतार आला. त्याने माझ्या तळावरून अंगठा फिरवला आणि उमटलेला डाग लगेच सदऱ्याच्या टोकाने पुसला. आपण चांगल्या हाती पडणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

त्याच्या हातांना घाम फार. बायको चिडवायची, "अहो, तुमच्या हातात कोरडी वही दिली तरी शाई पसरेल!" घामात मीठ असतं आणि मीठ म्हणजे आमच्या लोखंडाच्या जातीचा वैरी. म्हणून काम उरकलं की तो आम्हाला एकेक करून पुसायचा, आधी कोरड्या फडक्याने, मग तेलाच्या. ड्रिल मशीनचं तोंडसुद्धा त्यातून सुटत नसे. पेटीत ओल शोषायला खडूचे तुकडे ठेवलेले असत. आणि त्याच्या कामाच्या शेडचा एक कायदा होता: ज्याने हत्यार वापरलं, त्यानेच ते पुसायचं. त्याची मुलगी हाताखाली काम शिकत होती. एकदा लाडाने मला पुसायला गेली, तर बायकोदेखत तिच्यावर डाफरला, "ठेव ते खाली! मी मेलोय का अजून?"

माणसं रागात काहीबाही बोलतात आणि विसरतात. ऐकणारे विसरत नाहीत.

सव्वीस वर्षं माझ्या अंगावर गंजाचा ठिपका आला नाही. मग एका दुपारी दाराची फळी गुळगुळीत करता करता त्याचा उजवा हात माझ्यावरून घसरला. तो खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. मुलगी गाडी आणायला धावली. मी फळीवर तसाच राहिलो, कुशीवर त्याच्या ओल्या पंजाचा ठसा घेऊन.

अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

चौथ्या दिवशी मुलगी शेडमध्ये आली आणि तिने फडकं उचललं. आई दारातूनच ओरडली, "हात लावू नकोस! ते येतील आणि आपल्या हाताने पुसतील."

"आई, गंज चढेल गं."

"चढू दे. तू पुसलंस तर त्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुला?"

मुलीला कळलं. तिने फडकं ठेवून दिलं. मग बायकोनेच मला त्याच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली. हवा लागू नये म्हणे! हवा लागली नाही, पण आतली ओलही कुठे गेली नाही. तळहाताच्या फोडासारखं जपलं हो तिने मला, आणि त्या जपण्यातच मी कुजत गेलो. मी किती हाका मारल्या! लोखंडाची हाक कुणाला ऐकू जाते?

आठ महिन्यांनी त्याला चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये आणलं. बाईने मोठ्या आशेने पिशवी सोडली आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं. माझ्या कुशीवर चार बोटं आणि एक तळवा तांबड्या गंजात उमटला होता.

"पु... पुसलं... नाही?"

"तुम्हीच पुसायचं ना?" ती म्हणाली.

त्याने डाव्या हातात फडकं धरून पाहिलं. मी मांडीवरून घसरत होतो. दोनदा सावरलं, तिसऱ्यांदा मुलीने धरलं. तेव्हा ते फडकं त्याने मुलीच्या हातात दिलं.

"नाही हो! असं नका करू!" बाईने हंबरडा फोडला. तो तिच्याकडे बघेना.

मुलीने मला रॉकेलने धुतलं, काचकागदाने घासलं. वरचा गंज निघाला, तोंडातला तसाच राहिला, खड्डेही राहिले. पात्याची धार खाल्ली गेली ती गेलीच. तिने नवा रंधा आणला. मी फळीवर पडून असतो. तो शेडमध्ये आला की खुर्ची दाराकडे तोंड करून लावायला खुणावतो. माझ्याकडे पाहणं त्याला सोसत नाही, आणि मलाही त्याचा तो लुळा हात पाहवत नाही.

माझं संपलं आता. पण तुमच्या घरी कुणाचं हत्यार तसंच पडलं असेल, तर त्याच्या येण्याची वाट पाहू नका. आजच पुसा. तो परत आलाच, तर रागावेल. रागावू दे.