लोण्याचा डबा आणि मी

मी एक जुना फ्रीज आहे. रंग फिकट निळा, पण मुठीजवळ तो पार उडाला आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्याचं दार उघडता, खायला काही सापडलं नाही की आपटून बंद करता. आत कुणाचा जीव अडकला आहे, हे आम्हाला मात्र ठाऊक असतं.

या घरी आलो तेव्हा माझा थाट होता. आताच्या सासूबाई तेव्हा तरुण होत्या. मला पुसायला त्यांनी मऊ फडकं वेगळं ठेवलं होतं. त्यांचा मुलगा दार हळूहळू लावत आतला दिवा कधी विझतो ते बघायचा आणि धपाटा खायचा. पाहुण्यांना माझं गार पाणी मिळालं की 'वा!' अशी दाद यायची. आता मोटर घरघरते, वरच्या कप्प्यात बर्फाचे थर साचतात आणि डोक्यावर रिकाम्या बरण्या ठेवतात.

मुलगा मोठा झाला, सून आली. बरीच वर्षं लोटली, पण पाळणा हलला नाही.

मागे एकदा सुनेला आशा वाटली आणि तिने ती सासूबाईंच्या कानावर घातली. संध्याकाळपर्यंत साऱ्या बिल्डिंगने अभिनंदन केलं. पुढे जिन्यात भेटेल त्याला "नाही हो, तसं काही नाही" असं सांगत फिरण्याची वेळ सुनेवर आली. तेव्हापासून तिने ओठ शिवून घेतले.

मित्रांनो, बाळ यावं म्हणून काही आयांना औषधं टोचून घ्यावी लागतात. सुनेची औषधं काचेच्या बारीक कुप्यांत होती. त्या गार राहिल्या तरच कामाच्या. तापल्या तर दिसायला तशाच, पण आतून गेलेल्या. सुनेने त्या सुयांसकट लोण्याच्या रिकाम्या डब्यात घालून मागच्या कोपऱ्यात ठेवल्या. सासूबाईंना डॉक्टरांनी लोणी बंद केलं होतं. त्या डब्याला हात लावणार नाहीत, असा तिचा हिशोब.

आधीच्या खेपेला दवाखान्यातून 'या वेळी नाही झालं' असा फोन आला, तेव्हा ती माझ्या दारावर कपाळ टेकून उभी राहिली होती. ते कपाळ तापलेलं होतं. या खेपेला नवरा हळूच म्हणाला, "नाही झालं तर थांबू या. तुझे हाल बघवत नाहीत मला."

"आधी होऊ तर दे," ती म्हणाली.

मग तो दिवस आला. घर नुसतं तापलं होतं. सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, यांना मूल नकोच असतं हल्ली! नुसतं ऑफिस आणि ऑफिस. पण पोरगी दमलेली दिसते गं. चेहरा बघवत नाही. आज तिचं एक काम तरी हलकं करते."

फोन ठेवून त्यांनी माझं बटण बंद केलं.

बर्फ काढायचा होता त्यांना. मायेनेच. भाजी, दूध, बरण्या, सगळं ओट्यावर गेलं, आणि शेवटी तो डबाही. शेजारी शेगडीवर डाळ रटरटत होती. माझा बर्फ ढासळत होता, पाणी ठिबकत होतं. डबा वाफेत बसून होता. मी ओरडणार कसा? बंद फ्रीजला तर घरघरसुद्धा करता येत नाही.

दुपार कलल्यावर त्यांनी डबा पुसला आणि जागच्या जागी ठेवला. बटण लावलं. संध्याकाळी सून आली, तिने दार उघडलं, डबा हातात घेतला. तोवर तो पुन्हा गारसर झाला होता.

"फ्रीज कसा लख्ख केलाय बघ!" सासूबाई म्हणाल्या. "तुझं ते लोणीसुद्धा पुसून ठेवलं. खा बाई, अंगाला लागेल जरा."

सुनेचा हात थबकला. गप्प राहिली, तर कदाचित गेलेलं औषध अंगात जाणार. विचारलं, तर सगळं सांगावं लागणार.

"आई, हा डबा किती वेळ बाहेर होता?"

"दुपारभर. का गं? वितळलं की काय?"

सुनेने झाकण काढून डबा त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंनी कुप्या पाहिल्या, सुया पाहिल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. एकदा."

तिने दवाखान्याला फोन लावला. पलीकडून नर्स म्हणाली, "त्या वापरू नका. आजचं चुकवू पण नका. आमचं औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत या. शिल्लक आहेत का, ते आल्यावर बघते."

सासूबाई चपलांत पाय घालत म्हणाल्या, "चल. मी येते. बोलू नकोस काही, चल आधी."

दोघी धावत गेल्या आणि घाईत माझं दार उघडंच राहिलं.

मित्रांनो, दार लावत जा. मला हात लावण्याआधी घरात एकदा विचारत जा. आणि कुणी विश्वासाने मनातलं सांगितलं, तर ते जिन्यात नेऊ नका. औषध मिळालं, तर उद्या-परवाच्या कुप्या त्या माझ्याच पोटात ठेवणार आहेत. माझी मोटर जीव तोडून फिरते आहे, पण गारवा फरशीवर सांडतो आहे. घरात कुणी नाही. कुणीतरी या, आणि नुसतं हे दार लोटा.