फुलीची विजार

"वहिनी, मॅच गेली," धाकटा दीर दारातूनच म्हणाला आणि इस्त्रीच्या टेबलाशी मटकन खाली बसला.

"खेळायच्या आधीच?" परटिणीनं इस्त्री बाजूला ठेवली. "पाय मोडला की काय कुणाचा?"

"पाय मोडला असता तर लंगडत खेळलो असतो. क्लबानं आज नवा नियम लावलाय. उद्या मैदानावर उतरायचं तर अंगावर सगळं पांढरं पाहिजे. पांढरा सदरा, पांढरी विजार. नसेल त्यानं दोरीबाहेर बसायचं."

दीर गोदीच्या कारखान्यात रिवेट ठोकायचा आणि कारखान्याच्या टीमकडून बोलिंग टाकायचा. साहेबांनी हा खेळ बोटीतून आणला तेव्हा आपल्या माणसांना एकच मुभा होती, दोरीपलीकडे गेलेला चेंडू आणून द्यायची. चेंडू आणून देता देता माणसं टाकायला शिकली, टाकता टाकता मारायला शिकली. मग साहेबांनी स्पर्धा काढली, चांदीची ढाल ठेवली, आणि इथल्या लोकांना शिस्त लागावी म्हणून त्यांनाही बोलावलं. शिस्त लागावी म्हणाले होते, जिंकावं असं कुणी म्हणालं नव्हतं. कारखान्याची टीम एकेकाला लोळवत थेट शेवटच्या सामन्यात जाऊन बसली, आणि समोर कोण, तर खुद्द क्लब. झालं, साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर खाकी, निळे, तेलकट, कसलेही कपडे चालले. आता एका संध्याकाळीत अकरा पांढरे जोड आणायचे कुठून? कारखान्यात पांढरं काही असेल तर ते मुकादमाचं डोकं.

परटिणीची नजर कोपऱ्यातल्या फळीवर गेली होती.

क्लबाचे कपडे सासऱ्याच्या वेळेपासून याच घरी धुवायला येत. पद्धत अशी, की खेळणाऱ्या प्रत्येक साहेबाचे दोन जोड. एक अंगावर, एक परटाकडे. शनिवारी खेळ झाला की रविवारी सकाळी धुतलेला जोड द्यायचा आणि मळलेला आणायचा. साहेबांची नावं कुणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून कमरपट्टीच्या आत लाल दोऱ्याच्या खुणा घातलेल्या. फुली म्हणजे क्लबाचा कप्तान, दोन टिंबं म्हणजे सेक्रेटरी. घरात साहेबांना नावंही तीच पडली होती. 'दोन टिंबांना घाम फार येतो', 'फुलीचं पोट सुटलंय हं', अशा गप्पा इस्त्री करताना चालायच्या.

फळीवर अकरा जोड होते. धुतलेले, खळ दिलेले, कडक.

"भाऊजी," ती म्हणाली, "फुलीची विजार तुम्हांला सैल होईल. कमरेला सुतळी लागेल."

दीर तिच्याकडे बघतच राहिला. खाटेवरून सासरे मात्र ताडकन उठले.

"सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. क्लबाचं काम गेलं तर भट्टी कशावर पेटवायची? माझा मुलगा गेला तेव्हा हेच काम होतं म्हणून आपण उभे राहिलो."

"ठाऊक आहे, मामंजी."

"ठाऊक आहे तर मग?"

"मैदान त्यांचं, नियम त्यांचा, पंच त्यांचा. कपडे तेवढे माझ्या हातात आहेत." तिचा आवाज चढला. "हा नियम कपड्यांसाठी नाही काढलेला. हरायची भीती वाटते म्हणून काढलाय. मला राग आलाय, मामंजी, आणि हा राग मी गिळणार नाही."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भीती तिलाही वाटत होती. क्लब सुटला तर दुसरं काम कोण देणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तिनं फळीवरचा पहिला जोड उचलला आणि दिराच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः मैदानाच्या दारात उभा राहिला होता. एकही माणूस आत सोडावा लागणार नाही, या खात्रीनं आलेला. समोरून अकरा माणसं आली ती दुधासारखी पांढरी. मुकादमानं तर त्याला वाकून सलामही केला. सेक्रेटरीच्या शेजारी क्लबाचा कारकून होता. आपल्यातलाच, पण साहेबांची भाषा येणारा. त्याला अचानक खोकला आला.

कारखान्यानं आधी बॅटिंग करून बेताच्याच धावा केल्या. मग क्लब खेळायला उतरला आणि दिरानं चेंडू हातात घेतला. टाकायला धावत यायचा तो डाव्या हातानं विजार धरून. लोक हसत होते. कप्तानही हसत होता. चेंडू पडला, आत वळला आणि मधली दांडी उडाली. फुलीला फुलीच्याच विजारीनं घरी पाठवलं. परटीण दोरीबाहेर बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला, नाहीतर मोठ्यांदा ओरडलीच असती.

त्यानंतर क्लबाचे गडी भराभर गेले. शेवटचे दोन उरले आणि धावा हव्या होत्या ढीगभर. ढाल आता कुणाची, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेवढ्यात सीमेवरच्या एका पोरसवद्या फिटरनं वाकून चेंडू अडवला, आणि जवळच खुर्ची टाकून बसलेल्या सेक्रेटरीला त्या पोराच्या खिशाजवळचं रफू दिसलं. ते रफू सेक्रेटरीनं स्वतः सांगून आपल्या कपड्याला करून घेतलं होतं.

तो तसाच मैदानात घुसला. खेळ थांबला, क्लबाचे ते दोन गडीही दोरीबाहेर निघून गेले. साहेबांच्या भाषेतले दोन शब्द सगळ्या गावाला कळत, चोर आणि पोलिस. ते दोन्ही ऐकू आले. दिराला पुढं करून सेक्रेटरी त्याची कमरपट्टी उलटी करून बघू लागला, तशी परटीण उठली. दोरी वर केली आणि खालून आत गेली. त्या गवतावर आजवर एकही बाई चालली नव्हती.

"चोर कुणाला म्हणता, साहेब? कपडे धुवायला दिलेत, मी धुतले. उद्या सकाळी पोचवायचे, पोचवीन. मधल्या वेळात ते दोरीवर असावेत की माणसावर, याचा नियम तुम्ही काढलेला नाही. काढायचा राहिला."

कारकुनानं त्याचं दोनतीन शब्दांत भाषांतर केलं आणि मान पुसली. सेक्रेटरी लालबुंद झाला. कपडे याक्षणी उतरवा, नाहीतर अकराच्या अकरा जण कोठडीत.

सगळे तिच्याकडे बघू लागले. कपडे ठेवले तर कोठडी, काढले तर नियमानं सामना गेला. साहेबानं बरोबर कोंडीत पकडलं होतं.

"काढा," ती म्हणाली.

"वहिनी, अहो, इतक्या लोकांत..."

"काढा, भाऊजी. लाजू नका. लोकांच्या चड्ड्या बघण्यात माझा जन्म गेलाय."

त्यांनी कपडे काढले. लोकांत हशा पिकला. ठिगळांच्या चड्ड्या, भोकं पडलेल्या बंड्या, हसू नाहीतर काय येणार? पण ती अकरा माणसं मैदानाबाहेर गेली नाहीत. आपापल्या जागी परत जाऊन उभी राहिली. दिरानं चेंडू उचलला. हशा हळूहळू विरला.

परटिणीनं तिथंच गवतावर बसून प्रत्येक कपड्याची घडी घातली, गाठोडं बांधलं आणि कारकुनाला म्हणाली, "कपडे मिळाले म्हणून सांगा. दोन गडी राहिलेत, पाठवा म्हणावं."

कुणी आलं नाही. पंचानं दांड्या उपटल्या. नियम मोडला, सबब क्लब जिंकला, असं जाहीर झालं आणि साहेब आत चहाला गेले. अंधार पडेपर्यंत टीम मैदानात उभी होती, आणि दोरीबाहेरचा एक माणूस हलला नाही. आतून टाळ्या काही ऐकू आल्या नाहीत.

रविवारी सकाळी तिनं गाठोडं क्लबात पोचवलं. कारकुनानं वरची विजार उलगडली. धुतलेली, खळ दिलेली, इस्त्रीची धार जागच्या जागी. गुडघ्यांवर मात्र हिरवे डाग.

"अहो, डाग राहिलेत," तो हळूच म्हणाला.

"राहिले नाहीत. ठेवलेत."

त्यानं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. "आजपासून कपडे न्यायला येऊ नका, असं सांगायला सांगितलंय मला."

"बरं," ती म्हणाली.

घरी भट्टी थंड होती. सासरे खाटेवर बसले होते. शुक्रवारपासून त्यांनी तिच्याशी एक अक्षर काढलेलं नव्हतं. तिच्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मग खाटेवर थोडे सरकून त्यांनी तिला बसायला जागा केली.

"ती फुली गेली, ती कशी गेली?" ते म्हणाले. "मी कुठं होतो बघायला. नीट सांग."

ती बसली आणि तिनं पहिल्या चेंडूपासून सांगायला सुरुवात केली.