नेतानीच्या नावाची बंदी

"बंदी नेतानीच्या नावाची आहे, माशांच्या नावाची नाही," कोळ्यांतला पेनी कावा पिऊन करवंटी खाली ठेवत म्हणाला. "शंभर रात्री भरल्या की ती उठलीच पाहिजे."

गावच्या बैठकीत आम्ही बायका मागच्या चटईवर होतो. मी वहिनीचा हात घट्ट धरून ठेवला होता, कारण ती उठणार हे मला दिसत होतं. उठलीच!

नेतानी माझा थोरला भाऊ, गावच्या कोळ्यांचा म्होरक्या. तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे समोरच्या प्रवाळाच्या पट्ट्यात काठी रोवली, तिला काळं फडकं बांधलं. शंभर रात्री तिथे ना गळ, ना जाळं. त्याच्या बायकोने, वासेवावहिनीने, तेवढे दिवस काळं नेसायचं आणि गाव सोडायचं नाही. आज शहाण्णव झाल्या होत्या.

"रातू," वहिनी गावप्रमुखाला म्हणाली, "आता पुनवेला कवाकवा मासे तिथे अंडी घालायला जमतील. गाभोळीने पोटं तटतटलेली असतात त्यांची. आत्ता जाळी टाकलीत तर पुढच्या सालचे मासेही आत्ताच खाल्लेत म्हणून समजा. नेतानी जन्मभर हेच ओरडला, कोणी ऐकलं? अजून दोनतीन पुनवा जाऊ द्या."

"एवढा पुळका?" पेनी हसला. "वहिनी, खरं सांग, तुला मासे सोडवत नाहीत की नवरा?"

दोघंतिघं फिदीफिदी हसले. मेल्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं.

"नवरा," वहिनी म्हणाली. "काठी निघाली की तो गेलाच म्हणायचं. नाही सोडवत मला. पण म्हणून माशांचं खोटं होत नाही, पेनी."

हसणं थांबलं. रातूंनी दाढी खाजवली. "मला रीत मोडता येणार नाही, बाई. सुतक आहे तोवर बंदी. तू आणखी शंभर रात्री काळं नेसून गावातच राहणार असशील तर काठी राहील. नाहीतर शनिवारी निघेल."

आणखी शंभर रात्री! वहिनीची एकुलती एक पोर, उनाईसी, तिकडे ऑकलंडला दिवस भरत आलेली. पहिल्या खेपेचं मूल हाती लागलं नव्हतं, तेव्हाही आई जवळ नव्हती. या खेपेला मंगळवारचं तिकीट काढून ठेवलेलं.

"सुतक धरते," वहिनी म्हणाली.

घरी येईपर्यंत मी तिला फाडून खाल्लं. "अगं, मेलेल्यासाठी जितीला टाकतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"वन्सं, उद्या ओरडा. आज नको," ती म्हणाली. मग वाटेतच थांबली. "तीस वर्षं तो माझ्याशी बोलला त्याहून जास्त त्या पट्ट्याशी बोलला. फार राग यायचा मला. आता तिकडे बघितलं की वाटतं, तिथे तरी असेल."



येणार नाही हे वहिनीने रात्री उनाईसीला फोनवर सांगितलं. "बाबांना आधी मासे, मग मी. आता तूही तशीच?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला. पुढचे पाच आठवडे वहिनीने लावलेला एकही फोन तिने उचलला नाही. वहिनी ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची.

मधे पुनव होऊन गेल्यावर पेनी दारात आला. होडी पट्ट्याच्या कडेने नेली होती म्हणाला, जाळं न टाकता. "खाली दगड दिसत नाही, वहिनी. नुसते कवाकवा." मान वर न करताच बोलत होता.

"खूप?"

"खूप. लहानपणी बघितले होते तेवढे."

"बस ना, चहा घे," वहिनी म्हणाली, आणि आत जाऊन रडली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. झालाही असेल, पण तो सांगायला नेतानी नव्हता.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी सकाळीच फोन वाजला. उनाईसी होती. मुलगी झाली होती, तीन दिवसांची. तिचा नवरा कामावर गेला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आई, हिला अंघोळ कशी घालू? इतकीशी आहे गं. हातातून निसटेल." ती हुंदके देत होती.

वहिनीने स्पीकर लावून फोन चटईवर ठेवला. "रडू नकोस. पाणी कोपराने बघ. सोसतंय? आता डावा हात मानेखाली घे. बोटं काखेत अडकव, मग नाही निसटत." बोलता बोलता तिचा स्वतःचा डावा हात वाकला होता. उजव्या हाताने ती हवेत पाणी घेत होती. "आधी पोट. मानेच्या वळ्या सोडू नकोस, दूध साचतं तिथे. अशी. अगं बाई, अशी."

तिकडून तान्हीने टाहो फोडला. मग हळूहळू शांत झाली.

"आई, झालं," उनाईसी म्हणाली. "पुसलं. डोळे मिटले बघ तिने." थोडं थांबून म्हणाली, "तू यायला हवं होतंस."

"हो गं," वहिनी म्हणाली. "यायला हवं होतं."

फोन बंद झाला. वहिनी तशीच बसली होती, डावं कोपर वाकवलेलं, तळवा वर. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.