तळ्यातल्या टाचण्या

पहिला फोन आला तेव्हा नकाशावालीच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. पोरीला दिवसभर "तोंडात काही घालायचं नाही" म्हणून दटावणारी ही बाई स्वतः मात्र शिडीवर उभी राहून टाचण्या दातांत धरून होती. पाळणाघर बंद, म्हणून दोन वर्षांची लेक खाली सतरंजीवर ठोकळे रचत बसलेली.

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात भिंतभर राज्याचा नकाशा लागला होता. राज्यात आजवर बंदुकीने जिथे माणूस मारला गेला, तिथे एक लाल टाचणी. एकाच वेळी अनेक गेले असतील तिथे टाचण्यांचा झुबका. शाळा, टपाल कचेरी, बेकरी, कुणाचं तरी स्वयंपाकघर. कोपऱ्यात, संग्रहालयाच्या जागी, तेवढी एक हिरवी टाचणी, 'तुम्ही येथे आहात'ची. वर्षभर जुनी वर्तमानपत्रं आणि कोर्टाचे कागद उपसून तिने हा इतिहास गोळा केला होता, आणि त्यापायी एक खोड अंगाला चिकटली होती. कुठल्याही दुकानात शिरलं की आधी मागचं दार शोधायचं. नवरा म्हणायचा, "अगं, साबण घ्यायला आलोय आपण, दरोडा घालायला नाही."

फोन साहेबांनी घेतला. सगळं संग्रहालय त्यांना पाठीमागे 'होहो' म्हणायचं, कारण फोनवर त्यांना दुसरा शब्दच सुचत नसे.

"हो हो. हो हो, साहजिक आहे. हो." फोन ठेवून त्यांनी मान वर केली. "मॅडम, ते थंड हवेच्या गावातलं हॉटेल आहे ना, तिथले नगराध्यक्ष म्हणतात, गोळ्या हॉटेलात नाही, गाड्या लावतात तिथे सुटल्या. आणि ती जागा शेजारच्या गावात पडते. जरा सरकवा की."

"सर, माणसं जेवणाच्या टेबलावर गेली."

"आता त्या टेबलाचं काय एवढं! नखभर तर सरकवायचंय."

तिने नखभर सरकवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाचा फोन. आमच्या गळ्यात कशाला? मग विद्यापीठाचा. गोळ्या झाडणाऱ्याचं नाव आम्ही आदल्याच दिवशी पटावरून कमी केलं होतं, तेव्हा तो आमचा नाही, सबब टाचण्या फाटकाबाहेर. फाटकाबाहेरचा रस्ता नगरपालिकेचा. नगरपालिका म्हणाली, रस्ता राज्याचा. नकाशावर नुसतं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. मेलेली माणसं, गरीब बिचारी, या हद्दीतून त्या हद्दीत हिंडत होती आणि कुणी दारात उभं करायला तयार नव्हतं.

होहो वैतागले. "मॅडम, जिथे कुणाचीच हद्द नाही अशी एखादी जागा नाही का?"

"आहे ना. मधलं मोठं तळं." ती चिडून बोलली होती.

"वा!" साहेबांचा चेहरा उजळला. "तळं कुणाला फोन करणार? लावा तळ्यात."

आणि खरंच, फोन बंद झाले. म्हणजे तक्रारींचे बंद झाले. आता विनंत्या यायला लागल्या. ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण 'आमच्याही तेवढ्या तळ्यात घ्या' म्हणून गावंच्या गावं रांगेत उभी राहिली. शाळा तळ्यात गेली, टपाल कचेरी गेली, बेकरी गेली. हरवलेली छत्री परत करायला शाळेत आलेली एका मुलाची आजी, तीही गेली. प्रत्येक टाचणी काढताना नकाशावाली मनातल्या मनात म्हणे, माफ करा हं, थोडं ओलं आहे.

एकच जागा राहिली होती, जुन्या बाजारपेठेतलं चपलांचं दुकान. आणि तिथल्या झुबक्यात एक टाचणी काकांची होती.

काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. आई गेल्यावर या दोघांनीच तिला वाढवलं. कामावरून काढलेला एक माणूस बंदूक घेऊन त्या दुकानात आला, तेव्हा काका-मावशी तिथे बूट बघत होते. काका गेले. मावशीच्या पायात एक गोळी राहिली ती राहिलीच. डॉक्टर म्हणाले, काढण्यापेक्षा असू द्या. तेव्हापासून पाऊस यायचा असला की मावशी आधीच सांगते, आणि हवामान खात्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरते.

मावशी रोज संध्याकाळी विचारायची, "लावलीस का गं त्यांची? आत लावू नकोस हं. ते दारातच होते. उजेडात रंग बघायला आले होते. एका पायात तपकिरी, एका पायात काळा. मी म्हणत होते काळा घ्या. ऐकतील तर शपथ."

"दारातच लावलीय, मावशी."

"आणि माझी?"

"जिवंत माणसांना टाचणी नसते."

"मग मला काय नकाशाच्या बाहेर लागली गोळी? तू त्या होहोला विचार."

उद्‌घाटनाला मावशी येणार होती. तिच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची नकाशावालीने आधीच धरून ठेवली होती. आणि आदल्या दुपारी होहो दारातून डोकावले. "बाजारपेठेच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणतात, तिथे आता आइस्क्रीमचं दुकान आहे. लहान मुलं येतात. तळ्यात घ्या तेवढं."

 नाही म्हटलं तर नोकरी जाते. हो म्हटलं तर उद्या मावशी चष्मा पुसून बाजारपेठ शोधणार, आणि तिथे काहीच नसणार.

"हो हो," ती म्हणाली. अगदी साहेबांच्याच सुरात. साहेब समाधानाने निघून गेले.

तिने शिडीला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दालन भरलं. सगळ्या गावांचे पुढारी आपापली टाचणी दिसत नाही ना, याची खात्री करायला जातीने हजर. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला.

भिंतभर पांढरंशुभ्र राज्य. मधोमध लालभडक तळं. आणि बाजारपेठेवर एक छोटा झुबका.

मंत्र्यांनी बराच वेळ पाहिलं. "माशांकडे बंदुका आहेत का?"

 होहोंनी सवयीने "हो हो" म्हटलं आणि जीभ चावली. मग मागून एक खुर्ची धाडकन पडली. बाजारपेठेचे अध्यक्ष उभे राहिले होते, कानापर्यंत लाल.

"म्हणजे अख्ख्या राज्यात फक्त आमच्याकडे? आणि बाकी गावांत काय फुलं उधळली? ते हॉटेल कुठाय? आठ माणसं गेली तिथे, जेवणाच्या टेबलावर!"

"टेबलावर नाही, गाड्यांच्या जागेत," थंड हवेचे नगराध्यक्ष पुटपुटले.

"टेबलावर! माझा साडू होता तिथे, पानात हात होता त्याचा!" अध्यक्ष शिडीवर चढलेसुद्धा. तळ्यातून मूठभर टाचण्या उपसून त्यांनी हॉटेलावर रोवल्या.

"मग विद्यापीठ का सोडता?" नगराध्यक्ष खालून ओरडले. "वाचनालयाचा दुसरा मजला, खिडकीजवळ!"

"आणि तुमची टपाल कचेरी?"

"बेकरी! बेकरी राहिली!"

मग जी झुंबड उडाली ती उडाली. स्वतःच्या गावातलं कुणालाच काही आठवत नव्हतं, शेजारच्या गावातलं मात्र सगळ्यांना पाठ. मजला, दार, कोण कुठे उभं होतं, कुणाच्या हातात छत्री होती. नकाशावालीला वर्षभर लागलं ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत लावून दिलं. ती लेकीला कडेवर घट्ट धरून भिंतीला टेकून उभी होती. सवयीने मागचं दारही बघून ठेवलं होतं. पण नजर नकाशावरच होती. एकही टाचणी चुकत नव्हती. हळूहळू आवाज खाली आले. राज्य लाल झालं होतं, आणि तळं निळं.

पांगापांग झाल्यावर तिने नकाशा तपासला. कोपऱ्यातली 'तुम्ही येथे आहात'ची हिरवी टाचणी जागेवर नव्हती.

"आ कर! आ कर बघू!" तिने लेकीच्या तोंडात बोट घातलं. लेकीने ते कडकडून चावलं. जिभेखाली नाही, गालात नाही. गिळली असेल तर? ती दवाखान्याला फोन लावणार इतक्यात पहिल्या रांगेतून मावशीचा आवाज आला.

"छळू नकोस पोरीला. मी घेतली."

बाजारपेठेत, दुकानाच्या दारात, काकांच्या लाल टाचणीला खेटून हिरवी टाचणी उभी होती. इतकी जवळ, की दोघींची डोकी एकमेकांना लागली होती.

"मावशी, ती संग्रहालयाची खूण आहे. आलेल्यांना कळायला, की आपण कुठे आहोत."

"मला कळतं मी कुठे आहे ते." मावशी पाय चोळत उठली. "चल, पाऊस येतोय."

हिरवी टाचणी नकाशावालीने तिथून काढली नाही. त्या आठवड्यात बरेच लोक फोन करून विचारत होते, संग्रहालय बाजारपेठेत हललं का, आइस्क्रीमच्या दुकानाशी?

"हो हो," साहेब सगळ्यांना सांगत होते. "हो हो. अगदी दारातच."