जाळीच्या आतली हरणं

ग्रामसभेत सरपंच महारुद्र गायरानाला 'पडीक जागा' म्हणाला, आणि मागं बायांमध्ये बसलेल्या सुकेशनीची कानशिलं तापली.

सोनपेठच्या रस्त्याला लागून गावाचा तो माळ होता. कुसळी गवत, हिवराची न् बोरीची झुडपं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणारा हरणांचा कळप. लग्न होऊन आल्यापासून सुकेशनी तिथं शेळ्या चारत होती. आता त्या माळावर सोलरच्या प्लेटा बसणार होत्या.

ती उभी राहिली. "पडीक कशी? माझे सासरे तिथं दोन एकर कसत होते तवा ती पडीक न्हवती. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर टॅक्टर फिरवला तुमी लोकांनी. तलाठी सासऱ्यांना म्हणला, नागनाथ, ही मुक्या जनावरांची जागा हाय, लाज वाटू दे. आमचं पोट आलं की जागा जनावरांची, आन् कंपनी आली की पडीक?"

"सुकेशनीबाई, जुनं उकरू नका," महारुद्र म्हणाला. "शेतकऱ्याला दिवसा लाईट पायजे का नको, तेवढं बोला."

तेव्हा दत्तराव उठला. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा मुलगा बन्सीधर रात्री गव्हाला पाणी द्यायला गेला होता, त्याला अंधारात साप चावला. गावात त्याला 'पान लागलं' म्हणतात.

"माझा बन्सी पान लागून गेला," दत्तराव म्हणाला. "कारण लाईट रातचीच असती. दिवसा लाईट येणार आसंल तर मी हरणांकडं बघत बसणार न्हाई, बाई."

बन्सीच्या मयताला ती स्वतः गेली होती, त्याच्या आईचा टाहो तिनं ऐकला होता. ती खाली बसली. राग मात्र बसला नाही. ठरावाला हात वर झाले, त्यात दत्तरावचाही होता.

मे महिन्यात जाळी उभी राहिली. कामगार दोन्ही अंगांनी खांब रोवत आले आणि टोकाला टोक मिळवून मोकळे झाले. आत कळप राहिला, हे कुणी बघितलंच नाही. की बघितलं, आणि कुणाला काही वाटलं नाही. पाझर तलाव राहिला जाळीच्या बाहेर.

सुकेशनी शेळ्या घेऊन तलावावर गेली, तर हरणं जाळीला नाक लावून उभी. पाणी समोर दिसत होतं. एक काळवीट जाळीच्या कडेकडेनं चालायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा, परत फिरायचा. शिंगं तारेत अडकून त्याच्या कपाळाचं कातडं सोललं होतं.

ती फाटकावर गेली. सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता.

"फाटक उघडा, जनावरं बाहेर जाऊ द्या," ती म्हणाली.

"ऑर्डर नाही, ताई. हाकलताना एखादं मेलं तर केस माझ्यावर होईल."

"आन् तहानेनं मेलं तर?"

तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

तिनं बस धरून तहसील गाठली. कारकून म्हणाला, जागा कंपनीच्या ताब्यात दिली, हरणं वनखात्याची. वनखात्याच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, जमीन महसूलची आहे, त्यांनी लेखी कळवलं तर परभणीहून पथक येईल. म्हणजे हरणं सगळ्यांची होती आणि तहान एकट्या हरणांची.

तिनं जाळीच्या खालून पन्हाळ घालून आत पाणी सोडून बघितलं. माणसाच्या वासानं हरणं जवळ येईनात, आणि वॉचमननं पन्हाळ लाथेनं उडवली. दुसऱ्या दिवशी दोन कामगार एक मेलेलं पाडस खताच्या पोत्यात कोंबताना तिला दिसले. पाय पोत्यात मावत नव्हते, तर एकानं ते गुडघ्याखाली धरून मोडले.

तिथून ती सरळ दत्तरावच्या शेतातल्या आखाड्यावर गेली. त्यानं नुकतंच शेताला तारेचं कुंपण केलं होतं.

"मामा, तार कापायचं कटर द्या."

दत्तराव बाजेवर उठून बसला. "कशाला?"

"कंपनीची जाळी तोडायचीय."

"आन् ते मला मागायलीस? मी हात वर केला होता."

"तुमच्यापाशी कटर हाय म्हणून मागायले. तुमच्या लाईटीवर मी उठले न्हाई, मामा. दिवसा लाईट यावीच. पर त्यासाठी जनावरं तडफडवून मारा, आसं तुमी म्हणला न्हवता. का म्हणला होता?"

पोत्यातल्या पाडसाचं तिनं सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "राती जाशील?"

"न्हाई. राती चोर जातेत. आमच्या ज्वारीवर टॅक्टर भर दुपारी फिरला, साऱ्या गावादेखत. मी बी दुपारीच तोडीन."

दत्तराव आत गेला, कटर घेऊन आला, पण तिच्या हातात दिलं नाही. "तार जाड हाय. तुला एकटीला उरकायचं न्हाई," म्हणाला आणि पायात चपला सरकवून पुढं चालू लागला.

तलावाच्या बाजूला दोघांनी आळीपाळीनं जाळी कापली. सुपरवायझर पळत आला, मोबाइलवर शूटिंग करत ओरडला, "सरकारी मालमत्ता आहे ही."

"सरकारी होती म्हणून आमाला हाकललं," सुकेशनी हात न थांबवता म्हणाली. "आता कुणाची हाय ते तुमी आपसात ठरवा."

जाळी बैलगाडी जाईल एवढी उघडली, तरी कळप हलेना. माणसं दिसत होती. दत्तरावनं सुपरवायझरचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाभळीमागं नेलं. सगळे गप्प उभे राहिले. एक हरणी पुढं आली, थबकली, आणि बाहेर उडाली. तिच्यामागं सगळा कळप धूळ उडवत तलावाकडं सुटला. कपाळ सोललेला काळवीट आतच पडून होता. सुकेशनी त्याच्याजवळ गेली. त्याचा डोळा हलला, पाय हलले नाहीत.

संध्याकाळी पोलीस तिच्या दारात आले. फिर्यादीत आरोपी म्हणून सुकेशनीचं नाव होतं, आणि 'एक अनोळखी इसम'. शूटिंगमध्ये दत्तराव ढळढळीत दिसत होता. गावातलं शेंबड्या पोरानंही त्याला ओळखलं असतं.

जामिनावर सुटून आली तेव्हा दत्तराव तिच्या दारात उभा होता. मान वर करवत नव्हती.

"मी ठाण्यात जाऊन नाव सांगितलं," तो म्हणाला. "हवालदार म्हणला, मामा, तुमी घरी जावा, तुमचं नाव कशाला खराब करायलात."

"आन् माझं?"

दत्तराव जायला वळला.

"तुमचं नाव खराब होतंय, माझं काय आधीच खराब हाय का? तुमी कापलेल्या तारंचा गुन्हा बी मीच भोगायचा, तर कटर तरी कशाला घेऊन आलात?" तिचा आवाज चढला, शेजारच्या बाया दारात आल्या. "उद्या परत जावा. ते लिहूस्तोवर जावा."

तो गेला. हवालदारानं पुन्हा परत पाठवला, तर ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला. महारुद्र त्याला उठवायला आला. त्यालाही दत्तरावनं साऱ्या रस्त्यासमोर सुनावलं, की सुकेशनीचं नाव लिहिता येतं त्या पेनानं माझं बी लिहिता येतं. दिवेलागणीला त्याचं नाव घातलं गेलं.

जाळी कधीच जोडली गेली होती. माळावर प्लेटा बसल्या. कळप गोदावरीकाठच्या उसात पांगला, आणि तिकडचे शेतकरी त्याला शिव्या घालत फटाके वाजवतात. दिवसा लाईट अजून आलेली नाही.

कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच बसनं सोनपेठला जातात. दत्तराव तिच्यासाठी जागा धरून ठेवतो. सुकेशनी बसते, पण त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. तारखा अशाच पडत राहिल्या तर बोलेलही कदाचित. साहेब लोकांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का, तर काय सांगायचं ते मात्र तिनं पक्कं केलंय: होतो, जाळी आधीच तोडायला पाहिजे होती.