आपला खांब, मेहुण्याचे हात

धक्क्यावर खांब कोरणाऱ्या सायरसभोवती लोक जमलेले पाहिले, की हॅरल्डच्या पोटात दुखायला लागे. आज तर कहरच झाला. जहाजातून उतरलेल्या एका बाईने हॅरल्डच्या हातातला लाकूड तासायचा वाकस पाहून विचारलं, "हा खांबावरचा डोमकावळा तुम्हीच कोरलात?"

"नाही," म्हणून तो तरातरा घरी आला.

गावात कुळांच्या दोनच बाजू, डोमकावळ्याची आणि गरुडाची, आणि सोयरीक नेहमी समोरच्या बाजूत. डोमकावळा हॅरल्डच्या कुळाचं चिन्ह, आईकडून आलेलं. आणि बंदरावर उभारायच्या त्याच्या खांबाचं काम कुणाला? बायकोच्या भावाला, गरुडाच्या बाजूच्या सायरसला! हात हॅरल्डचा सरस, पण आपल्या कुळाचा खांब समोरच्या बाजूनेच कोरायचा, ही इथली रीत.

"तुझा भाऊ पंख कोरतोय की वल्हं?" त्याने बायकोला विचारलं.

"जळका वास येतोय," लोरेन म्हणाली, "आणि मासा तर मी अजून धुरावर ठेवलाही नाही!"

हॅरल्ड चिडून पडवीत गेला. तिथे त्याने चोरून स्वतःचाच डोमकावळा कोरायला घेतला होता. भेटवस्तूंचा एक दुकानदार तो दारात उभा करणार होता, खाली हॅरल्डचं नाव ठळक अक्षरांत! तेवढ्यात दुकानदाराकडून कुणकुण लागलेली एस्थरमावशी आत आली. ओंडक्याभोवती फिरून तिने तो नीट पाहिला.

"हा उभा कोण करणार?"

"क्रेन."

"दोर ओढायला माणूस नाही, नि म्हणे खांब! समोरच्यांना बोलावलंस?"

"मावशी, माझा हात सायरसपेक्षा चांगला आहे. एवढं तरी कबूल कर."

"आहे रे, शंभरदा आहे! पण तुझी आई गेली तेव्हा तिची शवपेटी कुणी केली?"

हॅरल्डने वाकस खाली ठेवला. पेटी सायरसने केली होती, खड्डा त्याच्या माणसांनी खणला होता. हॅरल्डच्या घरच्यांना त्यांनी बोटही लावू दिलं नव्हतं.

"दुःखात आपल्याला ते सावरतात, त्यांना आपण. मानाचंही तसंच. स्वतःची थोरवी स्वतःच कोरलीस, तर ती खरी मानायची कुणी? आणि आपल्या कुळाची गोष्ट त्या दुकानात विकली जाईल, ते वेगळंच!"

केवढा शरमला हॅरल्ड! तरी धक्क्यावर जाताना पाय जडच होते. खांब जवळजवळ पुरा झाला होता, फक्त चोच राहिली होती.

"ये दाजी," सायरस म्हणाला. "तुझ्यासाठीच थांबलोय. तुमच्या डोमकावळ्याने जगासाठी उजेड चोरून आणला, तेव्हा चोच उघडी होती की मिटलेली? गोष्ट तुमची, तूच सांग."

आणि हा माणूस आपली गंमत बघत असेल, असं हॅरल्ड महिनाभर समजत होता! तो ओंडक्यावर बसला आणि आईने सांगितली होती तशी सगळी गोष्ट त्याने सांगितली.

घरी येऊन त्याने आपला अर्धवट डोमकावळा तासून टाकला. दुकानदाराला नाही म्हणून कळवलं.

खांब उभारायच्या दिवशी गरुडाच्या बाजूच्या माणसांनी दोर ओढले. गर्दीतल्या एका पाहुण्याने विचारलं, "कुणी कोरला हो?"

"माझ्या मेहुण्याने!" हॅरल्ड एवढ्या मोठ्याने म्हणाला, की लोरेनने वळून पाहिलं.

"तुम्ही नाही कोरत?"

"कोरतो ना. घरी एक ओंडका तासून ठेवलाय. त्यावर गरुड येणार, मेहुण्याच्या कुळाचा."

मंडळी, आपल्या माणसाचं कौतुक ऐकून आपलंही पोट दुखतंच. पण आपल्यासाठी दोर ओढणारे हात त्याचेच असतात, एवढं विसरू नये.