पिवळ्या झेंडीची सवत

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दोन दांड्यांमध्ये ताणली की बरोबर दहा यार्ड भरते. नेब्रास्कातल्या आमच्या गावात शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की एमिल क्रातोखविल माझी पुढची दांडी धरून मैदानाच्या कडेला उभा राहतो. चार प्रयत्नांत चेंडू त्या दांडीपर्यंत गेला, तर संघाला नवे चार प्रयत्न मिळतात. नाहीतर चेंडू तिथेच समोरच्यांच्या हाती जातो.

इंचाइंचासाठी पोरं घाम गाळतात, आणि ती पिवळी झेंडी? कुणी नियम मोडला म्हणून पंचाने फेकली की दहा यार्ड फुकटात मागे! एमिलच्या बायकोने, आर्लीनने, ती आपल्या भावासाठी, पंच गससाठी, हाताने शिवली. वजनाला आत मक्याचे दाणे घातले. दर आठवड्याला तिला धुणं काय, इस्त्री काय! मी मात्र चुन्याच्या पोत्यामागे गंजत पडायची. माझी सवतच ती. तिला पाहिलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या मोसमात अंतिम फेरी एका सामन्यावर आली होती. आम्ही चार गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न. आमचा गडी चेंडू घेऊन दांडीपुढे गेला आणि एमिल आनंदाने मला घेऊन पुढे पळाला. झेंडी पडली की साखळीने हलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. त्याने झेंडी पाहिली नाही. मी पाहिली होती. तिच्यासाठी मी कशाला थांबू, म्हणून खुशाल खुळखुळत गेले.

आमच्याच खेळाडूने नियम मोडून समोरच्या एकाला धरून ठेवलं होतं. चेंडू दहा यार्ड मागे, चौथा प्रयत्न पुन्हा. पण गाठायची जागा जुनीच, माझी. आणि मी तर तिथून हलले होते.

"दाजी, दांडी कुठे होती?" गसने विचारलं.

मागची दांडी धरणारा लव्हर्न कुजबुजला, "यार्डभर अलीकडे सांग की! कोण बघतंय?"

एमिल लाल झाला. "पंचेचाळीस यार्डांच्या चुन्याच्या रेषेवर होती. हा बघ, बुटाला चुना लागलाय."

पोरं पुन्हा जीव तोडून खेळली. मला ताणलं. चेंडू तीन बोटं अलीकडे राहिला आणि सामना हातचा गेला.

"आमचा आहेस की त्यांचा रे, एमिल?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. एमिल खाली मान घालून माझा चिखल नखाने खरवडत बसला. चूक माझीही होती, पण मला कोण बोलणार?

तेवढ्यात गसने खिशातून झेंडी काढली. "घ्या दाजी, हिनं पुसा. ताईला मी सांगतो काय ते."

साबणाचा वास येत होता मेलीला! तरी तिने माझी कडी न् कडी पुसली आणि स्वतः चिखलात माखली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या. आणि कधी मी जागेवरून हलले, तर मी कुठे होते ते एमिलसारखं सांगा.